परमुलखाच्या यष्टींमागे

क्रिकेटच्या संघात फलंदाजांना सहा-सात जागा असतात, गोलंदाजांना चार-पाच असतात, पण यष्टींमागे हातमोजे घालून उभे राहणाऱ्याला जागा एकच असते. आणि ती एकदा कोणी कायम केली की त्याच्या वयाच्या, त्याच्याच तोडीच्या, कदाचित त्याच्याहून किंचित सरस अशाही बाकीच्या सर्व यष्टिरक्षकांपुढे दोनच मार्ग उरतात : मोजे खुंटीला टांगून पोटापाण्याच्या उद्योगाला लागणे, किंवा जिथे ती एक जागा अद्याप रिकामी आहे असा दुसरा मुलूख शोधणे. भारतात २००० ते २००४ या काळात समीर दिघे, दीप दासगुप्ता, अजय रात्रा, पार्थिव पटेल, दिनेश कार्तिक असे एकामागून एक यष्टिरक्षक कसोटीला उतरवले गेले, आणि या अस्थिरतेमुळे देशभरच्या तरुण यष्टिरक्षकांच्या मनात आशेला जागा राहिली. पण २००४ च्या डिसेंबरात चितगावच्या मैदानावर रांचीच्या महेंद्रसिंग धोनीने एकदिवसीय पदार्पण केले आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ तो दरवाजा जवळजवळ बंदच राहिला. त्या वेळी जे विशीच्या आसपास होते त्यांची कारकीर्द कोणत्याही निवड समितीच्या अन्यायाने नव्हे, तर केवळ कालमानाच्या योगाने संपुष्टात आली.

१५ एप्रिल १९८५ रोजी जन्मलेला वसईचा स्वप्नील प्रकाश पाटील हा त्या पिढीतला. त्याने दुसरा मार्ग पत्करला. तो संयुक्त अरब अमिरातीत गेला, तेथे नोकरी केली, तेथील मैदानांवर खेळला, आणि २०१५ च्या विश्वचषकात अमिरातीचा यष्टिरक्षक म्हणून उतरला. विश्वचषकाच्या रंगमंचावर पोचलेल्या मराठी माणसांची मोजदाद करताना आपण गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर यांच्यापर्यंत येऊन थांबतो, कारण आपली मोजणी भारताच्या टोपीपुरती मर्यादित असते. माझे म्हणणे एवढेच आहे, की वसईच्या या यष्टिरक्षकाची कारकीर्द हा मराठी क्रिकेटच्या इतिहासाचाच भाग आहे आणि आपल्या दफ्तरात तिची रीतसर नोंद झाली पाहिजे.

हे रायपुरात बसून लिहावेसे वाटले याला कारण आहे. येथील मराठी समाज हा मुळातच स्थलांतरितांचा. अठराव्या शतकाच्या मध्यावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला, बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले, आणि त्यांच्यामागोमाग फडणीस, कारकून, कमाविसदार, पुरोहित, शिलेदार अशी कुटुंबे या मुलखात आली. पुढे १८१८ मध्ये ब्रिटिश अधीक्षक अॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलवले तेव्हा त्यांतली कित्येक येथे येऊन स्थिरावली. तात्यापारा हे मोहल्ल्याचे नाव आजही त्या वसाहतीची साक्ष देते. ज्या समाजाच्या पूर्वजांनी सुभ्याच्या चाकरीसाठी घरदार सोडले, त्याला नोकरीच्या परवान्यावर परदेशी गेलेल्या आणि तेथेच नाव काढलेल्या माणसाची कथा परकी वाटू नये. शिवाय आता आमच्या शहरालाही यष्टिरक्षकांकडे जवळून पाहण्याची संधी मिळू लागली आहे. सोनाखानच्या ज्या जमीनदाराला १८५७ च्या १० डिसेंबरला रायपुरात फाशी देण्यात आली, त्या शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाच्या नव्या रायपुरातील स्टेडियममध्ये २१ जानेवारी २०२३ रोजी पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला आणि न्यूझीलंडचा संघ १०८ धावांत गारद झाला. त्याच वर्षी १ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या वीस षटकांच्या सामन्यात अमरावतीच्या जितेश शर्माने, म्हणजे शेजारच्या विदर्भातल्या यष्टिरक्षकाने, १९ चेंडूंत ३५ धावा करून आमच्या प्रेक्षकांना उभे राहायला लावले. त्यालाही भारताच्या संघात ती एक जागा मिळायला तिशीचा उंबरठा गाठावा लागला होता.

मुंबईत यष्टिरक्षकांची परंपरा जुनी आणि भरघोस आहे, आणि ती बहुतांशी नोकरदारांची आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय पाटीलची वाट समजत नाही. रत्नागिरीत जन्मलेला दत्ताराम हिंदळेकर मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी करीत असे. १९३६ मध्ये लॉर्ड्सवर त्याने कसोटीत पदार्पण केले आणि १९४६ मध्ये मँचेस्टरला रंगा सोहोनीच्या जोडीने शेवटची तेरा मिनिटे खेळून काढून त्याने भारताचा पराभव टाळला. १९४९ मध्ये, अवघ्या चाळिशीत, तो वारला. त्याच्यामागून माधव मंत्री, नरेन ताम्हाणे, पुढे चंद्रकांत पंडित, समीर दिघे अशी मालिका लागली. पण या प्रत्येक नावाच्या सावलीत दोन-तीन तरी नावे अशी असतील, की जी कांगा लीगच्या चिखलात आणि टाइम्स शील्डच्या कार्यालयीन सामन्यांतच विरून गेली. पाटील वयात येत होता तेव्हा मुंबईच्या रणजी संघात विनायक सामंत यष्टिरक्षण करीत होता, आणि तो सामंतही आधी आसामकडून खेळून मग स्वगृही परतलेला. स्वतःच्या शहराच्या संघात जागा मिळावी म्हणून मुंबईकर यष्टिरक्षकाला आधी ब्रह्मपुत्रेच्या काठी जावे लागत असेल, तर वसईच्या मुलाने समुद्र ओलांडावा यात नवल ते काय? वसई-विरारकडच्या खेळाडूची दगदग मुंबईकरांनाही पुरती ठाऊक नसते. पहाटेच्या गाडीत किट खांद्यावरून उतरवायला जागा मिळत नाही, दादर किंवा चर्चगेटला उतरून मैदान गाठावे लागते, दिवसभर उन्हात उकिडवे बसून पुन्हा तोच प्रवास करावा लागतो. आणि यष्टिरक्षकाच्या किटमध्ये फलंदाजाच्या सामानावर आणखी मोजे, आतले मोजे आणि वेगळे पॅड यांचे ओझे असते.

अमिरातीचे क्रिकेट हेही परदेशस्थांच्या हातांनीच उभे राहिलेले आहे. अब्दुल रहमान बुखातिर या शारजाच्या व्यापाऱ्याने १९८१ मध्ये गावसकर आणि मियाँदाद यांच्या नावांचे संघ वाळवंटात खेळवले. १९८४ मध्ये शारजात पहिला आशिया चषक भरला आणि त्या स्पर्धेत भारताचा यष्टिरक्षक सुरिंदर खन्ना सर्वोत्तम खेळाडू ठरला, हाही एक योगच म्हणायचा. प्रेक्षक मजूर, कारकून, दुकानदार, खेळाडूही तेच. स्थानिक स्पर्धा कंपन्यांच्या संघांमध्ये होतात, चांगला खेळणाऱ्याला कंपनी नोकरी देते, आणि तो दिवसा कचेरीत व संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात मैदानावर अशी दुहेरी हजेरी लावतो. मुंबईच्या बँका, रेल्वे आणि गिरण्यांनी जी व्यवस्था अर्धशतकापूर्वी उभी केली होती तिचीच ही आखातातली आवृत्ती होय, आणि म्हणूनच मुंबईकडच्या खेळाडूला ती अनोळखी वाटत नाही. १९९४ मध्ये अमिरातीने नैरोबीत केनियाला हरवून आयसीसी करंडक जिंकला, तेव्हा परदेशी जन्मलेल्या खेळाडूंच्या भरण्याविषयी बरीच कुरकुर झाली आणि पुढे वास्तव्याच्या अटी कडक करण्यात आल्या. पाटीलच्या काळी सलग चार वर्षांचे वास्तव्य ही अट होती. चार वर्षे कोणत्याही देशाचा खेळाडू नसल्यासारखे राहायचे, नोकरी टिकवायची, कारण नोकरी गेली तर राहण्याचा परवाना जातो आणि परवान्याबरोबर संघही जातो. बोटे मोडू द्यायची नाहीत, आणि सराव मात्र सोडायचा नाही. या काळाची नोंद कोणत्याही धावफलकात नसते, परंतु स्थलांतरित खेळाडूची खरी कसोटी मला याच काळात दिसते.

या प्रतीक्षेचे फळ न्यूझीलंडात मिळाले. २०१४ च्या जानेवारीत तेथे विश्वचषकाची पात्रता स्पर्धा भरली. अमिराती आणि स्कॉटलंड हे दोन संघ अंतिम फेरीत पोचले आणि दोघांनाही पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाचे प्रवेशपत्र मिळाले. १ फेब्रुवारीला लिंकन येथे झालेल्या अंतिम सामन्याला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय दर्जा होता आणि तोच पाटीलचा पदार्पणाचा सामना ठरला. स्कॉटलंडच्या प्रेस्टन मॉमसेनने नाबाद १३९ धावा ठोकून संघाची धावसंख्या ५ बाद २८५ वर नेली. उत्तरादाखल अमिरातीचे गडी एका बाजूने पडत गेले, दुसऱ्या बाजूला पाटील उभा राहिला, आणि पन्नास षटके संपली तेव्हा फलकावर अमिरातीच्या ९ बाद २४४ धावा होत्या व पाटील ९९ धावांवर नाबाद होता.

या नव्याण्णवाशी थोडे थांबले पाहिजे. एकदिवसीय पदार्पणात शतक करणाऱ्यांची यादी त्या वेळी अगदी लहान होती; १९७२ मध्ये डेनिस अमिसने ती सुरू केली, आणि तिच्यात झिम्बाब्वेचा यष्टिरक्षक अँडी फ्लॉवर याचे नाव १९९२ च्या विश्वचषकात नोंदले गेले, तेही न्यूझीलंडमध्येच, न्यू प्लिमथला. पाटीलने आणखी एक धाव घेतली असती तर तो त्या यादीत जाऊन बसला असता, आणि एवढेच नव्हे, तर अमिरातीच्या वतीने एकदिवसीय शतक झळकावणारा पहिला फलंदाज म्हणूनही त्याचे नाव कायमचे लागले असते. तो मान त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला दुबईत अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद १३२ धावा करणाऱ्या खुर्रम खानकडे गेला, जो तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता आणि विमान कंपनीत नोकरी करीत होता. शतकापासून एका धावेने वंचित राहिलेले फलंदाज पुष्कळ असतात. पण नाबाद राहून, षटके संपल्यामुळे, पदार्पणातच आणि तेही हरलेल्या सामन्यात असे वंचित राहणे विरळाच. सामना ४१ धावांनी गेला. अमिरातीचा दुसरा कोणी फलंदाज त्याच्याबरोबर पुरेसा वेळ टिकला असता तर दोन्ही गोष्टी साधल्या असत्या, असे ती धावसंख्या पाहताना वाटल्यावाचून राहत नाही.

मार्च २०१४ मध्ये बांगलादेशातील वीस षटकांच्या विश्वचषकात सिल्हेटला अमिराती तिन्ही सामने हरली. पाटीलचे त्या प्रकारातले पदार्पण १७ मार्चला नेदरलँड्सविरुद्ध तेथेच झाले. त्या स्पर्धेविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

२०१५ च्या विश्वचषकासाठी जो अमिरातीचा संघ ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेला त्याचा कप्तान महंमद तौकीर त्रेचाळीस वर्षांचा होता आणि प्रशिक्षक पाकिस्तानचा आकिब जावेद होता. खेळाडूंत पाकिस्तानात जन्मलेले बहुसंख्य, जोडीला केरळचा कृष्ण चंद्रन, श्रीलंकेचा मंजुला गुरुगे, आणि आमचा वसईचा पाटील. ज्या दोन देशांत सीमेवर तोफा डागल्या जातात त्यांची मुले एका कप्तानाखाली, एका तंबूत, एकाच उर्दूमिश्रित बोलीत एकमेकांना हाका मारीत खेळत होती. नेल्सनला झिम्बाब्वेविरुद्ध २८५ धावा काढूनही हार, ब्रिस्बेनला शैमान अन्वरच्या १०६ धावांनंतरही आयर्लंडकडून दोन गड्यांनी हार. आणि मग २८ फेब्रुवारीला पर्थला भारताशी गाठ पडली. त्या दिवशी अमिराती १०२ धावांत आटोपली, अश्विनने चार बळी घेतले, आणि भारताने नऊ गडी राखून विजय मिळवला. धावफलकाच्या दृष्टीने हा सामना एकतर्फी. पण एका मैदानावर, एकाच दिवशी, एका बाजूला धोनी आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याच काळात भारतातून बाहेर पडलेला मराठी यष्टिरक्षक उभा होता, हे मला त्या सामन्याच्या निकालाहून मोलाचे वाटते.

त्याची खरी खेळी मात्र वेलिंग्टनला झाली. १२ मार्चच्या त्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेने ३४१ धावा केल्या. एबी डिव्हिलियर्स ९९ वर बाद झाला, म्हणजे ज्या आकड्यावर पाटील वर्षभरापूर्वी अडकला होता त्याच आकड्यावर जगातला त्या वेळचा सर्वांत स्फोटक फलंदाज अडकला. पन्नास षटके मैदानात काढल्यावर फलंदाजीला यायचे, आणि समोर डेल स्टेन, मॉर्ने मॉर्केल, व्हर्नन फिलँडर, इम्रान ताहिर. ज्याचा सराव कचेरी सुटल्यावर होतो त्याने स्टेनचा उसळता चेंडू आयुष्यात कितीदा पाहिलेला असणार? पाटीलने मारामारी केली नाही. शंभर चेंडू खेळून त्याने नाबाद ५७ धावा केल्या आणि संघ १९५ पर्यंत पोचला. पराभव १४६ धावांचा होता, त्यामुळे ‘शंभर चेंडूंत सत्तावन्न’ ही चाल कोणाला मंद वाटेल; परंतु ज्या डावात दुसऱ्या बाजूला एकामागून एक सोबती परत जात आहेत, ज्यात विजय दुपारीच अशक्य झालेला आहे, त्यात संपूर्ण संघ लवकर कोसळू नये म्हणून टोक धरून बसणे हे मुंबईच्या जुन्या शाळेचे, हिंदळेकर-सोहोनींच्या तेरा मिनिटांचेच, क्रिकेट होय. यष्टिरक्षक हा पन्नास षटकांत तीनशे वेळा उकिडवा बसतो आणि तीनशे वेळा उठतो. बाय गेला तर त्याच्या खात्यावर पडतो, झेल घेतला तर गोलंदाजाचा बळी होतो. अशा माणसाला सहनशीलता शिकवावी लागत नाही.

त्यानंतर २०१६ च्या फेब्रुवारीत आशिया चषकाच्या पात्रता फेरीत अफगाणिस्तान, ओमान, हाँगकाँग यांना मागे टाकून अमिराती मुख्य स्पर्धेत गेली. २५ फेब्रुवारीला मीरपूरच्या मैदानावर तिने श्रीलंकेला १२९ धावांत रोखले आणि अवघ्या १४ धावांनी सामना गमावला. त्या डावात ३७ धावा करणारा पाटील संघात सर्वाधिक धावांचा मानकरी होता. जेमतेम दोन-तीन वर्षांची ही आंतरराष्ट्रीय कारकीर्द. आकड्यांनी तोलली तर लहान, पण ज्या वाटेने ती आली ती वाट ध्यानात घेतली तर लहान म्हणवत नाही.

स्थलांतरित यष्टिरक्षकांत तो एकटा नाही, आणि हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. एक जागा ही अडचण सर्वत्र सारखीच. दिल्लीत जन्मून बालपणी कॅनडात गेलेला आशीष बगई कॅनडाचा यष्टिरक्षक आणि पुढे कप्तान झाला. २०११ च्या विश्वचषकात त्याने कोटलावर, म्हणजे जन्मगावीच, केनियाविरुद्ध नाबाद ६४ धावा करून संघाला जिंकून दिले. आणंदचा मोनांक पटेल अमेरिकेचा कप्तान झाला आणि ६ जून २०२४ रोजी डॅलसला पाकिस्तानविरुद्ध त्याने ५० धावा काढल्या. तो सामना ज्या सुपर ओव्हरने अमेरिकेने जिंकला ती मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने टाकली. चेन्नईत जन्मलेला वृत्य अरविंद अमिरातीच्या यष्टींमागे आला. आणि पाटीलच्या पावलावर पाऊल टाकून दुसरा मराठी माणूस आखातात उभा राहिला आहे : नाशिकचा प्रतीक आठवले, ज्याने ९ जून २०२४ रोजी अँटिग्वात ओमानकडून स्कॉटलंडविरुद्ध ५४ धावा केल्या. सामना ओमानने गमावला, हेही लिहिले पाहिजे.

येथे एक प्रश्न हटकून उपस्थित केला जातो, की जो भारताविरुद्ध खेळला तो आपला कसा? फरुख इंजिनीयर १९६८ पासून लँकेशायरकडून खेळू लागला, तेथेच स्थायिक झाला, तरी तो आपलाच राहिला, कारण टोपी भारताची होती. मग ज्याला भारताची टोपी मिळण्याचा संभवच नव्हता त्याने ज्या देशाने भाकरी दिली त्या देशाची टोपी घातली तर त्याला आपल्या यादीतून का वगळावे? अमिरातीने त्याला संघात घेतले, पण नागरिकत्व हा तेथे परदेशी नोकरदाराच्या हाती लागणारा हक्क नव्हे. म्हणजे ज्या देशासाठी तो खेळला तेथे तो रहिवासी, आणि ज्या देशाचा तो नागरिक तेथे त्याची नोंद नाही. ही स्थिती मला अन्यायाची वाटते, आणि तिचा अर्धा भाग दूर करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. छत्तीसगडला याची जाण विशेष असायला हवी. २०१६ मध्ये राज्याच्या क्रिकेट संघाला नियामक मंडळाचे पूर्ण सदस्यत्व मिळाले आणि त्याच मोसमात रांचीला त्रिपुराविरुद्ध पहिला रणजी सामना आपण नऊ गडी राखून जिंकला, तेव्हा कप्तान होता मूळचा उत्तर प्रदेशचा महंमद कैफ. त्याला आम्ही परका मानले नाही. रायपुरात त्याच्या नावाने टाळ्या वाजल्या. आलेल्याला आपले म्हणणारे शहर गेलेल्यालाही आपले म्हणू शकते.

वाचकांतील क्रिकेटप्रेमींना, आणि विशेषतः वसई, विरार, नाशिक येथील क्लबांना व दुबई, शारजा, मस्कत येथील महाराष्ट्र मंडळांना माझी विनंती आहे. अमिराती आणि ओमानच्या कंपनी-स्पर्धांत खेळलेल्या मराठी खेळाडूंचे धावफलक, छायाचित्रे, सामन्यांच्या कात्रणांच्या वह्या आज अनेकांच्या घरी कपाटांत पडून आहेत. आणि त्या खेळाडूंतले बरेचजण चाळिशी-पन्नाशीत असल्याने त्यांच्या तोंडून सारे ऐकून घेण्याची वेळ आताच आहे. त्यांच्याकडे जावे, नावे-तारखा लिहून घ्याव्यात, आणि एका ठिकाणी गोळा कराव्यात. मराठी क्रिकेटचा यापुढे जो कोणी इतिहास लिहील त्याने यष्टिरक्षकांच्या प्रकरणात हिंदळेकर, मंत्री, ताम्हाणे यांच्या ओळीत स्वप्नील पाटीलचे नाव, लिंकनच्या नाबाद ९९ आणि वेलिंग्टनच्या नाबाद ५७ धावांसह, घालावे.